भिंतीवरचा फोटो आणि हाजिमचा वचपा

६ एप्रिल, रविवार
ठरलं. हाजिमची जिरवायची. शुक्रवारी तो, आमचा दोस्त औनी आणि मी करक गावाच्या बाजूच्या त्याच दरीत उतरणार, खाली मुक्काम, शनिवारी वर. गेल्या वर्षी तिथेच मी दोराला लटकलो असताना त्याने माझा फोटो काढला. डोळे मिटलेले, तोंड उघडं. तोंड उघडं होतं, कारण मी मागच्यांना सूचना देत होतो. औनी म्हणतो, तू आईला हाका मारत होतास. औनीला लांबून नीट ऐकू येत नाही.

तेव्हापासून फोटो अबू जैदानच्या कहवाखान्यात, हुक्क्यांच्या वर. माझं चष्म्याचं दुकान बरोबर समोर. गिऱ्हाईक नवा चष्मा लावतं, माझ्याकडे बघतं, मग रस्त्यापलीकडे बघतं आणि हसतं. वर्ष झालं, दातओठ खातोय. आता हाजिमचा तसलाच फोटो काढायचा आणि शेजारी लावायचा. मग स्वतःच गयावया करील, दोन्ही उतरवू म्हणून.

९ एप्रिल, बुधवार
लांब पल्ल्याची लेन्स घेतली. बूटही नवे. दुकानदार म्हणाला, आधी आठवडाभर घरात घालून फिरा. त्याला काय ठाऊक माझे पाय. रोज जिने चढायचंही ठरवलंय. आज लिफ्ट समोर उघडीच उभी होती, तेव्हा उद्यापासून.

११ एप्रिल, शुक्रवार, सकाळ
उतरतोय. मुद्दाम मागे राहिलोय. शिकार पुढे असलेली बरी. औनी प्रत्येक वळणावर थांबून विचारतो, काय रे, आहेस ना जिवंत? म्हटलं, उजेड बघतोय.

दुपार
हाजिम कातळावरून घसरणार असं दिसलं. कॅमेरा लावला. घसरला नाही. उलट वर बघून ओरडला, पायाखाली बघ गाढवा, त्या नळकांड्यात काय बघतोस. तेवढ्यात मी बसलो. पडलो नाही, बसलो. डबक्यात. लेन्स वाचली. टाचांना फोड आलेत, बुटांच्या चुकीमुळे.

संध्याकाळ
हाजिमचं घराणं मूळचं इकडच्याच तंबूवाल्यांचं. दरीत आला की आजोबांची किटली काढतो आणि यजमान होऊन बसतो. वेलदोड्याची कडू कॉफी स्वतः ओतून देतो. मी बूट काढले. माझ्या पायांकडे बघून म्हणाला, मुंजिर, हे पाय आहेत की भाजलेली वांगी? अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या हातचं काही घ्यायचंच नाही म्हणून कप तसाच, न पिता, जमिनीवर ठेवला.

दोघेही कपाकडे बघू लागले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इकडची रीत अशी: पाहुण्याने भरला कप खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय, आणि यजमानाला नाही म्हणता येत नाही. मुलीला मागणी घालायला जातात तेव्हा असाच ठेवतात. खुनाची माफीसुद्धा अशीच मागतात. मी नुसता रुसलो होतो.

हाजिम ताठ बसला. चेष्टा पार गेली. म्हणाला, पी तुझी कॉफी, मुंजिर. मागशील ते दिलं.

फोटो, हा शब्द ओठांवर आला होता. औनी डोळे मोठे करून खुणावत होता, माग की. पण मागायचं म्हणजे तो फोटो मला झोंबतो हे कबूल करायचं. तेही ह्या माणसापुढे? त्यातच डाव्या टाचेतून कळ आली. म्हटलं, उद्या चढताना माझी बॅग तू घे.

औनीने कपाळाला हात लावला. हाजिमने किटली खाली ठेवली. मग म्हणाला, बरं.

मोठा डाव साधला. उद्या तो माझा हमाल.

१२ एप्रिल, शनिवार
मिळाला! शेवटच्या खड्या चढावर. पाठीवर त्याची बॅग, पोटावर माझी, मान वाकलेली, घामाच्या धारा, मागे लाल कडा. भोग म्हणावं आता. मी फक्त कॅमेरा घेऊन चढलो, पण ती लेन्स काही हलकी नाही. मध्येमध्ये औनीने वर ओढलं, ते इथे लिहायचं कारण नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
फोटो मोठा करून स्वतः अबू जैदानला नेऊन दिला. म्हटलं, बघा तुमचा पहिलवान कसा वाकलाय. त्याने विचारलं, पोटावरची बॅग कुणाची? माझी, म्हटलं. तो फोटोकडे बघतच राहिला. म्हणाला, अल्लाने असा मित्र प्रत्येकाला द्यावा. भिंतीवर जागा नव्हती, म्हणून माझा जुना काढला आणि हा लावला. खाली चिठ्ठी चिकटवली: हाजिम, आणि मुंजिरची बॅग.

आता गिऱ्हाइकं हसत नाहीत. आपुलकीने विचारतात, पाय कसे आहेत? हे जास्त वाईट.

संध्याकाळी हाजिम दुकानात आला. जुना फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. काउंटरवर ठेवला. म्हणाला, तू कप ठेवलास तेव्हा वाटलं, आता हाच मागणार. वर्षभर वाट बघत होतो, एकदा तोंडाने म्हणशील. त्या संध्याकाळीच देऊन टाकला होता मी, मनातल्या मनात. आणि तू बॅग मागितलीस.

लाज वाटली. नंतर राग आला. फोटो चष्म्यांच्या खोक्यांमागे सरकवला.

सूड रद्द केलेला नाही. पण टाचा बऱ्या होईपर्यंत दुकानातून घरी हाजिमच सोडतो, आणि गाडी त्याची असल्यामुळे वाटेत त्याला काही सुनावता येत नाही.