रविवारी फोन एंगेज

अहो, तुमचा एक भक्त काल घरी येऊन गेला. हातात पेढ्यांचा पुडा. मूळचा अमरावतीकडचा, आता हिंजवडीत मोठ्या नोकरीला, केस पिकायला लागलेत. म्हणाला, "काकू, शिकायला पुण्यात आलो तेव्हा दर रविवारी सायबर कॅफेत बसून काकांची साइट वाचायचो. जुन्या व्हिडिओ गेमवर इतकं प्रेमानं कोण लिहायचं? काकांची डिस्क असली तर द्या, माझ्या घरून परत चालू करतो." मी म्हटलं, "पेढे ठेव आधी. डिस्कचं नंतर बघू."

तो "प्रेमानं" म्हणाला आणि त्या शब्दानं माझं डोकं फिरलं. बुधवार पेठेतनं तुम्ही जुन्या गेमच्या कॅसेटी आणायचा, फुंकर मारून लावायचा, खेळून झालं की त्यावर लिहायचा. रणगाड्यांच्या गेममध्ये मी तुम्हाला हरवलं की कॅसेट खराब निघायची. तिथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण वेबसाइट घरातल्याच कॉम्प्युटरवर ठेवायचं खूळ घेतलंत, आणि घरात फोनची तार एकच. रविवारी सकाळी ती तार कॉम्प्युटरला जोडायची, की जगातली माणसं आपल्या घरात शिरून वाचणार आणि फोन दिवसभर एंगेज. टेबलफॅनसुद्धा त्याच्याकडं. "अगं, तो तापतो." "आणि मी चुलीपुढं गारेगार असते का?" त्या डब्याला मी जावईबापू म्हणायचे. तुम्ही हसायचा. मीपण हसायचे, आता त्याचाच राग येतो.

त्या रविवारी मी शेंगदाण्याचं कूट करतेय, तुम्ही पडद्यापुढं. तिकडं गावाला माझ्या आईला घरघर लागलीय. भाऊ एसटीडी बूथवरनं सारखा फोन फिरवतोय. फोन नुसता वाजत राहिला असता, तर घरात कुणी नाही म्हणून त्यानं लगेच माणूस धाडला असता. पण एंगेज! एंगेज म्हणजे घरात माणसं आहेत, बोलतायत, आत्ता ठेवतील. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, ताईच्या घरात फोनवर माणूस नाही, मशीन बसलंय. दुपार झाली तेव्हा कुठं त्यानं चुलतभावाला एसटीत बसवलं. तो दारात आला तेव्हा दिवे लागलेले. सासवडच्या पुढचं गाव, अहो, किती लांब होतं? सकाळी निघाले असते तर आईच्या तोंडात पाणी घातलं असतं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. भाऊ रडत रडत म्हणाला, "ताई, तू कुणासंगं बोलत व्हतीस गं एवढं?"

त्याला मी काय सांगणार होते? तुम्ही सांगायला पाहिजे होतं. तुम्ही खाली मान घालून चपला घातल्यात. तेरावं झालं, पुण्याला आलो, आणि थोड्या दिवसांनी तुम्ही काय केलंत? दुसरी फोनलाइन घेतलीत. माणूस आला, भिंतीला भोक पाडून गेला. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं काही दागिना घडवून आणलाय. मला लाइन नको होती हो. "चुकलं माझं" एवढं पाहिजे होतं. ते म्हणायला कुठली तार लागत होती? पुढं कितीतरी वर्षं एका ताटलीत फोडणीचा भात खाल्ला आपण. तुम्ही म्हणाला नाहीत. आणि एक दिवस न म्हणताच गेलात.

हे सगळं मी काल त्या माणसाला ऐकवलं. वर म्हटलं, "त्या रविवारी तूही वाचत बसला असशील." पेढा त्याच्या हातातच राहिला. मग हळूच म्हणाला, "चुकलं, काकू." ज्याचं काही चुकलं नव्हतं, तो एका दमात म्हणाला! मला इतका संताप आला, त्याचा नव्हे, तुमचा. स्टुलावर चढून माळ्यावरची डिस्क काढली आणि त्याच्या पुढ्यात आदळली. "ने. पण पहिल्या पानावर लिही, ही साइट चालू असायची तेव्हा या घरचा फोन लागायचा नाही. काकूंनी लिहायला सांगितलंय म्हणून लिही." तो "हो" म्हणाला.

आता बसून हे लिहिलंय. फोटोपुढं ठेवावं म्हणून उठलेसुद्धा, मग परत बसले. तुम्हाला दिलं, तर भांडण मिटल्यासारखं होईल. आणि खरं सांगू, दुसऱ्या कुणाशी भांडायला मला इतकं गोड लागत नाही.