आउट झाल्यावरही पळता येते

बाबा, तुमाले अन् आईले पंजाबातून मंजुषाचा जयभीम.

जेवण बरं आहे, बोटाची सूजही उतरली. पण बेसबॉलची मॅच आमी माह्यामुळं हरलो.

शेवटी बॅटिंगले मीच होती. तिसरा बॉलही बॅटले लागला नाही, म्हणजे आउट. इंझोरीत क्रिकेट खेळताना तुमी शिकवलं तशी मी अंपायरकडं न पाहता निघाली. मागं कॅचरच्या, म्हणजे आपल्या कीपरच्या, हातून बॉल निसटला होता! अशा टायमाले पयल्या बेसवर पळता येते म्हणे, बॉलच्या आधी पोचलं की खेळात कायम. आउट झाल्यावर कोणी पळते का हो? पोरी "पळ, पळ" बोंबलत होत्या, मले वाटलं चिडवून राह्यल्या.

सर म्हणे, "कागदावर स्ट्राइकआउटच राह्यलं असतं, पण तू बेसवर असती."

बारावी नापास झाल्यापासून रवीदादा घरातच बसून आहे का? त्याले म्हणा, बॉल अजून खालीच पडून आहे.

स्वतःवरच चिडलेली,
मंजुषा