दोन माणसांची गाडी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मी, नीलम्मा, लिंगैक्य ईश्वरप्पा हत्तरगे यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार गंजगोलाईच्या मागे, लातूर, तालुका लातूर, जिल्हा आता लातूरच, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डोळ्यांना कमी दिसतं, पण ज्यांना चांगलं दिसतं त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. तेवढा दम या घरात कोणात नाही. वकिलाने कच्चा मसुदा दिला होता, त्यात 'माझ्या प्रिय मुलांना' असं होतं. ते मी खोडलं. माझी शाळा निजामाच्या वेळची, उर्दू दुसरीपर्यंत. मराठी मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. शुद्धलेखनाची चूक दिसली तर ती माझी. बाकीच्या चुका खाली ज्याच्या त्याच्या नावावर लिहिल्या आहेत.

याआधीचे सगळे कागद रद्द. धाकट्याने एकदा माझी सही कशावर तरी घेतली होती, तोही कागद रद्द. तो कशाचा होता हे त्यालाही आठवत नाही.

कलम १. मुरुडच्या रस्त्यावरचं शेत दोन्ही मुलांना सारखं. थोरला मडिवाळप्पा आणि धाकटा वीरभद्र यांनी बांध घालताना सरकारी मोजणीवाल्याला बोलवावं, आपल्या बायकांना बोलवू नये. विहीर दोघांची राहील. यंदा पुन्हा पाऊस नाही, गावात टँकरमागे रांगा आहेत, आणि त्या विहिरीला अजून कमरेइतकं पाणी आहे. तिला कुलूप लावू नये. जो येईल त्याने आपल्या हाताने, आपल्या पोहऱ्याने पाणी शेंदावं. कोणाचा हात, कोणाचा पोहरा, हे विचारेल त्याचा विहिरीतला हिस्सा त्याच दिवशी संपला. हे कलम असं का, ते पुढे येईल.

कलम २. माझ्या अंगावरचे दागिने नात उमादेवी, मडिवाळप्पाची मुलगी, हिला. ती कलेक्टर कचेरीत टाइपिंग करते आणि कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, असं या घराण्यात दुसरं कोणी नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. सुना सणावाराला आल्या की माझ्या पाटल्यांबद्दल स्वयंपाकघरात काय बोलतात ते मला ऐकू येतं. त्यांना भांडी.

कलम ३. गंजगोलाईमागचं घर आणि गोलाईतलं दुकान दोन्ही मुलांना. पण लगेच नाही. कलम ५ मधल्या वस्तू ज्याच्या त्याच्या जागी पोचेपर्यंत किल्ल्या उमादेवीकडे राहतील. दोघांनी नव्या कॉलनीत बंगले बांधलेत, त्यामुळे कोणी रस्त्यावर येत नाही.

कलम ४. गाडी.

आमच्या मालकांनी १९५७ साली हैदराबादेत एका जहागीरदाराच्या मोडीत निघालेल्या बंगल्यातून गाडी आणली. विलायती, शर्यतीची, हिरवी, टप नसलेली, बसायला दोनच जागा. भुसाराचा आडत्या आणि शर्यतीची गाडी, म्हणून गाव हसलं. मीही हसले. जिच्यात जवारीचं एक पोतं मावत नाही ती गाडी आडत्याने घ्यावी, हे मला अजून पटलेलं नाही. पण बाजाराच्या दिवशी ते मला शेजारी बसवून मुरुडला न्यायचे. पदर दातात धरावा लागे, इतका वारा. जागा दोनच असल्याने सासूबाईंना येता येत नसे. गाडीचा एवढा गुण मी कबूल करते.

गाडी राखायचा पंढरी. निजामाच्या मोटार वर्कशॉपात शिकलेला मिस्त्री, औसा रोडला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. मालक गेल्यावर मी गाडी विकायला काढली, तेव्हा तो म्हणाला, "आक्का, चालू राहू द्या. उभी राहिली की मरंल."

बहात्तरचा दुष्काळ पडला. मी म्हटलं, "चालूच ठेवायची तर पाणी आण तिच्यातून." मागे दोन पिपं बसवायची ठरली. पत्रा कापून टाक म्हणजे नीट बसतील, असं मी सांगितलं.

"कापत न्हाई," पंढरी म्हणाला. "नट-बोल्टावर बसवतो. दुष्काळ काय जल्मभर ऱ्हातोय का? सरला की काढून ठिवू."

शेतातल्या विहिरीवरून दिवसाला चार खेपा व्हायच्या. आमचं घर, शेजारची तीन घरं त्या पाण्यावर जगली. पाऊस आला तसं त्याने सगळं उतरवलं. गाडी होती तशी झाली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

मग १९८२ साली लातूर जिल्हा झाला आणि लोकांना वेड लागलं. न्हाव्याने 'जिल्हा हेअर कटिंग' अशी पाटी लावली. आमच्या गल्लीतल्या चहावाल्याने कप लहान केला आणि हॉटेलाला 'जिल्हा टी हाउस' नाव दिलं. व्यापाऱ्यांची मिरवणूक ठरली. मडिवाळप्पाला तीत गाडीत उभं राहून, हात जोडून जायचं होतं. कोणासाठी हात जोडायचे हे ठरलं नव्हतं, पण जोडायचे होते. पंढरीला बोलावलं. त्याला सांगितलं, टप चढव, मागून वाढव, सहा माणसं बसतील अशी कर.

पंढरीने गाडीभोवती एक चक्कर मारली. "एक्सल दोन माणसांचा हाय. सहा बसवले तर गाडीच खाली बसंल. मी कापत न्हाई."

मुलांनी सोलापूरचा एक वेल्डर आणला. त्याने मागचा पत्रा गॅसने कापला. लोखंडी अँगलचा टप उभा केला, त्यावर कळस. पुढे चार भोंगे, बाजूला स्टीलच्या दांड्या, दरवाजावर वाघ रंगवला, त्या वाघाचं तोंड वीरभद्रासारखं आलं. मूळचं लाकडी स्टिअरिंग काढून लाल प्लास्टिकचं बसवलं. मालक असते तर त्या दिवशीच लिंगैक्य झाले असते.

इथवर वाचून दोघे मुलगे एकमेकांकडे बघत असतील की अव्वा, म्हणजे आई, आपल्यावर ढकलते. नाही ढकलत. तुमच्याकडे एवढी कल्पना असती तर धंदा वाढला नसता का. "तालुक्याची गाडी होती तोवर ठीक, आता जिल्ह्याला शोभेल अशी करा," हे माझं वाक्य आहे. वेल्डरला चहा मी पाजला. कळस मीच सांगितला, कारण समोरच्या सिद्धरामच्या जीपला तो नव्हता. मी शहाणी बाई समजले जाते, आणि मी शर्यतीच्या गाडीवर कळस चढवला.

मिरवणूक गंजगोलाईच्या गोल बाजारात शिरली. गाडीत मडिवाळप्पा उभा, भोवती पाच व्यापारी, एकेकाचं पोट तराजूत घालण्यासारखं. वळणावर मागचा एक्सल तुटला. गाडी म्हशीसारखी मागच्या बाजूने बसली आणि मडिवाळप्पा हारासकट पुढच्या ढोलावर पडला. ढोल फाटला. सगळी गोलाई हसली. पंढरी गर्दीत उभा होता, तो तेवढा हसला नाही. ते मला जास्त झोंबलं.

मी दुकानाच्या पायरीवरून ओरडले, "ह्या पंढऱ्यानं एक्सल ढिला ठेवला. मुद्दाम ठेवला."

"आक्का, मी गाडीला हातच लावला न्हाई."

"तुझा हात इतकी वर्षं लागू दिला, हीच आमची चूक झाली."

हे लोकांनी ऐकलं. मला माहीत होतं की त्याने हात लावला नव्हता. मला माझ्या पोराचं तोंड वाचवायचं होतं, ज्या तोंडात तेव्हा ढोलाचं कातडं होतं. दुसऱ्या दिवसापासून व्यापाऱ्यांनी पंढरीकडे ट्रक पाठवणं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात गॅरेजचं शटर पडलं. साठीला टेकलेला माणूस नांदेडला दुसऱ्याच्या वर्कशॉपात नोकरीला लागला. गाडी आमच्या गोदामात उभी आहे. कळसावर चिमण्या घरटी करतात.

कलम ५. गाडीच्या वस्तू परत करणे.

लाकडी स्टिअरिंग मडिवाळप्पाच्या दिवाणखान्यात आहे. त्यात त्याने घड्याळ बसवलं आहे, तेही मागे पडतं. घड्याळ त्याने ठेवावं, स्टिअरिंग द्यावं. पुढचे दोन दिवे त्याच्याच फाटकाच्या खांबांवर आहेत. ते उतरवावेत, त्याच्याकडे कोणी रात्री येत नाही. कातडी बैठका वीरभद्राच्या ऑफिसात आहेत. त्यावर बसून तो आता उदगीर जिल्हा व्हावा म्हणून अर्ज लिहितो. त्याने सतरंजीवर बसून लिहावं, मागणी तीच राहील. डिकीचं झाकण शेतातल्या गोठ्यात कडब्यावर आहे. बॉनेटवरचं पदक थोरल्या सुनेने देवघरात ठेवून त्याला कुंकू लावलं आहे. तो इंग्रजी कारखान्याचा शिक्का आहे, कोणता देव नाही, हे तिला समजावून सांगण्यात उमादेवीने वेळ घालवू नये. फक्त उचलावं.

टप, कळस, भोंगे, दांड्या भंगारात द्याव्यात. वाघ पुसावा.

कलम ६. नांदेडला काय झालं ते.

मागच्या महिन्यात मी एकटी एस.टी.ने नांदेडला गेले. मुलांना शिरूर अनंतपाळला बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं. माझी बहीण मरून चार वर्षं झाली, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पंढरी दारातच बसला होता. उठला नाही. "या," म्हणाला, "जिल्ह्याच्या आक्का."

त्याची मुलगी पंचशीला, शाळेत मास्तरीण आहे, तिने अंगणातल्या पिपातून तांब्या भरून आणला. पिपाला पितळी तोटी होती. मी त्या तोटीकडे बघत राहिले.

"घ्या आक्का," पंढरी म्हणाला. "तोटी वळखीची हाय."

बहात्तर साली ती तोटी मी लावायला सांगितली होती. तोटी आणि तिला लांब रबरी नळी. गाडी रस्त्यावर उभी राहायची, नळी उंबऱ्यावरून आत यायची, आणि पाणी आमच्या हंड्यांत पडायचं. म्हणजे पंढरीने आत यायला नको, हंड्याला हात लावायला नको. पाणी त्याने शेंदलेलं चालत होतं. गळ्यात लिंग, तोंडी बसवण्णा, आणि उंबऱ्यावर नळी. त्या गाडीत मी केलेला पहिला बदल तो. त्याला मी 'सोय' म्हटलं होतं. बसवली त्यानेच, आणि बसवली इतकी चांगली की कधी गळली नाही.

मी तांब्या रिकामा केला. त्याने काही फिटलं असं मी म्हणत नाही. मला तहान लागली होती.

"ही अजून ठेवलीस?" मी विचारलं.

"चांगली हाय. पितळेची. तिचा काय दोष."

मग त्याने आतून एक पेटी ओढून आणली. गाडीतून काढलेला एकेक नट, बोल्ट, पट्टी, फडक्यात बांधून चिठ्ठ्या लावलेली. वेल्डरने फेकलेलं सगळं त्याने उचलून नेलं होतं. मी विचारलं, गाडी पुन्हा दोन माणसांची होईल का. तो म्हणाला, पत्रा जोडता येतो, एक्सल दुसरा करता येतो, सांधा मात्र हाताला लागत राहणार.

"मग गाडी तुझी. कागदावर लिहून देते."

"कवापासून?"

"मी गेल्यावर."

पंचशीला बापाकडे बघून हसली. पंढरी हसला नाही. या माणसाला हसायचं कधी हे चांगलं कळतं. "मेल्यावर खरं बोलायला काय लागतंय, आक्का. गाडीचं ऱ्हाऊ द्या. गोलाईत बोललात ते गोलाईत परत घ्या. मग बघू."

मला राग आला. पाटी न वाचता चुकीच्या एस.टी.त बसले, इतका आला. परत येईपर्यंत उतरला.

कलम ७. वर लिहिलेली विलायती गाडी, तिच्या सगळ्या वस्तूंसह, श्री. पंढरी भीमा सोनकांबळे, राहणार नांदेड, यांना. त्यांच्या नावामागे 'श्री' मी आज पहिल्यांदा लिहिलं. त्यांनी ती दुरुस्त करावी, विकावी किंवा नाकारावी. माझ्या मुलांना विचारण्याची गरज नाही. त्यांनी नाकारली तरी कलम ५ कायम.

कलम ८. माझ्या अंत्यविधीला मला कोणत्याही टपाच्या गाडीतून नेऊ नये. खांद्यावर न्यावं. भजनी मंडळाला मडिवाळप्पाने चाल सांगू नये.

कलम ९. ~~माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी थोरला मुलगा मडिवाळप्पा याने गंजगोलाईत, आमच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, कलम ४ व ६ मोठ्याने वाचावीत.~~

वरचं कलम मी खोडलं आहे. मडिवाळप्पाला जोडाक्षरं येत नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण पंढरीने सांगितलं ते. उद्या सोमवारी, दुकानं उघडून गर्दी झाली की मी स्वतः त्याच पायरीवर उभी राहून ही दोन कलमं वाचीन. उमादेवीने शेजारी उभं राहावं, पण आधार देऊ नये. नांदेडला तार गेली आहे. तो येईल की नाही ते त्याचं तो बघेल. मी वाचणार आहे.

खाडाखोड माझी आहे व ती बरोबर आहे.

लिहून ठेवणार:
नीलम्मा ईश्वरप्पा हत्तरगे (सही; 'ह'ची शेपटी वाकडी आली आहे, तशीच राहू द्यावी)

साक्षीदार:
१. शेषेराव गणपतराव भोसगे, निवृत्त पोस्टमन, लातूर (सही). एक्सल तुटला त्या दिवशी हेही हसले होते.
२. नागुबाई मारुती लोहार, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा). नळीने आलेलं पाणी यांनीही भरलं होतं. पूर्ण वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "उद्या मी बी येते पायरीवर."

ठिकाण: लातूर
दिनांक: रविवार, १० मे १९८७