गोलसमोर झोपलेला एकशे चौऱ्याऐंशी सेंटिमीटरचा कोणीतरी

वेर्बा, सस्कॅचेवान
२ जानेवारी

तीर्थस्वरूप तेओमामा यांस,

लारिसाचा वाकून नमस्कार. (वाकणं सध्या तीस अंशांपर्यंतच. रिंकचा बर्फ गोठवणाऱ्या कॉम्प्रेसरचं झाकण एकटीने उचलायला गेले आणि पाठ धरली. उरलेले अंश पोचले असं समजावं.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? किनाऱ्यावरची ओल तुमच्या गुडघ्यांना मानवत नाही असं आई सांगते. तिला हे कसं कळतं ते मला माहीत नाही, कारण पत्रात तुम्ही हवामानापलीकडे काही लिहीत नाही आणि वेर्बाहून आलेला फोन उचलत नाही. म्हणून हे पत्र, तेही कुरियरने. पाकिटावर क्लबचा शिक्का नाही, माझं नाव आहे. तेव्हा न फोडता टाकून देऊ नये ही विनंती. इकडे आम्ही ठीक. आईचा रक्तदाब १३८ वर ८६, बाहेरचं तापमान उणे एकतीस. सात तारखेच्या आपल्या, जुन्या कॅलेंडरच्या नाताळसाठी आईने कोबीच्या गुंडाळ्या करायला घेतल्या आहेत. तुमच्या नावाचं ताट दरवर्षी मांडलं जातं आणि गेली तीन वर्षं ते गारेट संपवतो.

गारेट लावाली हा आमच्या तळघरातल्या खोलीत राहतो. आपल्या बॅजर्स आइस हॉकी संघाचा बचावपटू, मूळ मॅनिटोबाचा. वय वर्षं वीस, आणि सगळं गाव त्याला ‘म्हातारा’ म्हणतं. तुम्ही याच लीगमध्ये खेळलात, तेव्हा हे तुम्हाला विचित्र वाटणार नाही: विसाव्या वर्षानंतर इथे खेळता येत नाही, म्हणजे मार्च संपला की त्याची हॉकी संपली. तशी त्याची एकूण अवस्थाही म्हाताऱ्याला शोभणारीच आहे. पुढचे चार दात खोटे, नाकाला दोन वळणं, आणि सकाळी जिना तो खेकड्यासारखा आडवा चढतो. गोल तो वर्षाला दोन करतो (गेल्या वर्षी एक, आणि तोही आपल्याच जाळीत). त्याचं काम वेगळं आहे. समोरच्याने रबराची चकती मारायला काठी उचलली की हा गोलसमोर आडवा पडतो. चकती कुठे लागेल हे तो बघत नाही. लागली की उठतो. नेहमी उठतो.

आठ डिसेंबरला पाइन रिजच्या संघाकडून निरोप आला की तुमचा म्हातारा आम्हाला द्या, आमचा कीगन स्ट्राउट घ्या. हा कीगन सोळा वर्षांचा आहे, आणि तो चालतो की तरंगतो यावर मतभेद आहेत. आपल्या मॅनेजरने त्याच मिनिटाला होकार दिला असता, पण शंभर सामने खेळलेला मुलगा सभासदांच्या मतदानाशिवाय कुठेही पाठवता येत नाही हे आपल्या क्लबचं कलम आहे. ते कलम कोणामुळे आलं हे मी तुम्हाला सांगायला नको. इथे त्याला अजूनही ‘तेओचं कलम’ म्हणतात. चौतीस वर्षांपूर्वी कोणालाही न विचारता तुम्हाला किनाऱ्यावरच्या संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात बर्फ सारखा करण्याच्या यंत्राचं इंजिन घेतलं. ते यंत्र आज मी चालवते. इंजिन उत्तम आहे. (हे तंत्रज्ञ म्हणून लिहिते आहे, दुखवण्यासाठी नाही.) गावाला नंतर लाज वाटली, कलम केलं, तुम्हाला रिंकमधली चौऱ्याऐंशी नंबरची सभासदाची खुर्ची आणि तहहयात मत दिलं. तुम्ही ते कधी वापरलं नाहीत, हेही गावाला माहीत आहे.

आता मूळ गोष्ट. माझी सकाळ सहाला सुरू होते. बर्फाला बावीस ठिकाणी बारीक भोकं पाडून मी जाडी मोजते, पृष्ठभागाचं तापमान घेते, वहीत लिहिते. जाडी बत्तीस मिलिमीटर, तापमान उणे साडेपाच, आणि यात फारसा फरक पडला तर चूक माझी. नऊ डिसेंबरच्या सकाळी, म्हणजे निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या गोलसमोर बर्फावर पांढरी आकृती उमटलेली होती. माणसाची, कुशीवर झोपलेली, डावा हात डोक्यावर ताणलेला. तिथलं तापमान उणे सात पूर्णांक एक. मी ती खरवडली, गरम पाणी फिरवलं, बर्फ आरशासारखा केला. दहा तारखेला आकृती पुन्हा तिथेच. मग मी रीतसर कारणं शोधली. छतातून थेंब पडतात का पाहिलं, छत कोरडं. खाली बर्फ गोठवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या नळ्यांत हवा अडकली का पाहिलं. दाब नेमका हवा तेवढा. कॅमेऱ्याची चित्रं तपासली. त्यात बर्फ, बर्फ आणि बर्फ आहे. पाच बावन्नच्या चित्रात आकृती नाही, पाच त्रेपन्नच्या चित्रात आहे. मधल्या मिनिटात दार उघडलेलं नाही. मी तिची लांबी घेतली: एकशे चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. वहीत ‘कारण अज्ञात’ असं लिहिलं. नोकरीच्या सहा वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदाच लिहिले.

मला ही गोष्ट गुप्त ठेवायची होती, पण सकाळी साडेसहाला कॉफीसाठी दोन माणसं रिंकमध्ये येतात आणि त्यांच्यापासून वेर्बात काही लपत नाही. एक क्लबच्या सेक्रेटरी ओल्हाकाकू झाहार्को (आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे बोलताना अजून आरशात बघितल्यासारखं मागे बघतात), दुसरे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार नेस्टरभाऊ बिल्यक. दोघं तीस वर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसून भांडत आहेत. काचेला नाक लावून दोघांनी आकृती पाहिली आणि कोणाची आहे हे एका क्षणात ठरवून टाकलं. गोलसमोर आडवं पडणारा गावात एकच आहे.

“बघ ओल्हा, पोरगं झिजून झिजून बर्फात उतरलंय,” नेस्टरभाऊ म्हणाले. “आता तरी सोडा त्याला. मार्चात जायचाच आहे तो. त्याच्या बदल्यात पुढे चार वर्षं खेळेल असा गडी मिळतोय, तर नको म्हणणारे आपण कोण शहाणे?”

“तुझ्या दुकानात जुना भाग घेऊन बदल्यात नवा देतोस का कधी? मग?” ओल्हाकाकू म्हणाल्या. “अरे, ही जागाच त्याला सोडत नाहीये. तुला दिसत कसं नाही, मेल्या!”

“जागा सोडत नाहीये म्हणूनच म्हणतोय. मला बघवत नाही गं ते.”

पुढचे तीन आठवडे गावात दुसरा विषय नव्हता. चर्चच्या तळघरात, पेट्रोल पंपावर, दंतवैद्याकडे (तिथे गारेट स्वतः खुर्चीत तोंड उघडं ठेवून होता आणि बाकीचे त्याच्यादेखत त्याची किंमत ठरवत होते). सत्तावीस तारखेला कीगन वडिलांबरोबर गाव बघायला आला. बर्फावर उतरला आणि खरंच, नेस्टरभाऊंच्या हातातले बटाट्याचे तळलेले काप हातातच राहिले. त्या दिवशी मी आकृती दोनदा खरवडली होती. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, त्या मुलाला कोणी काही सांगितलेलंही नव्हतं. पण गोलसमोरून जाताना प्रत्येक वेळी त्याने पाय उचलला, झोपलेल्या माणसाला ओलांडताना उचलतात तसा. सहा वेळा गेला, सहाही वेळा उचलला. मी मोजलं.

मतदान तीस तारखेला झालं. पद्धत तुमच्या वेळचीच आहे: ऑफिसच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या खेळाच्या रबरी चकत्यांमधली आपल्या खुर्चीच्या नंबराची चकती घ्यायची, पडद्यामागे जाऊन लाल बादलीत टाकली तर ‘राहू द्या’, पांढऱ्या बादलीत टाकली तर ‘जाऊ द्या’. गारेट दाराशी उभा राहून म्हाताऱ्या बायकांचे कोट धरत होता. त्याला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. मतं मोजायचं काम माझ्याकडे, कारण माझ्याकडे मोजमापाचं प्रमाणपत्र आहे. सभासद दोनशे तेरा, आलेले दोनशे बारा. लाल बादलीत एकशे सहा. पांढऱ्या बादलीत एकशे सहा. मी तीनदा मोजलं. मग ओल्हाकाकू म्हणाल्या की कलमाप्रमाणे आता न आलेल्या सभासदाचं मत मागवायचं, आणि सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. चौतीस वर्षं तुमची जी चकती त्या खिळ्यावरून हलली नव्हती, ती तिथे नव्हती. खिळ्याखाली धुळीत तिचा गोल मात्र स्वच्छ होता. दीडशे माणसं हातापायांवर येऊन बाकांखाली शोधत होती. (पाठीमुळे मी उभी राहून देखरेख केली.) मिळाली नाही.

काल, नव्या वर्षाच्या दिवशी, गारेट दिवाणखान्यात जमिनीवर पडला होता. बरगड्या दुखतात म्हणून तो गाद्या टाळतो. आई त्याच्या कडेकडेने झाडू फिरवत होती आणि “पाय उचल रे राजा” म्हणत होती. माझ्या खिशात टेप होती. का कोण जाणे, मी त्याला मापलं. एकशे एकोणऐंशी. पुन्हा मापलं. एकशे एकोणऐंशीच. तो छताकडे बघत म्हणाला, “लारिसाताई, मला वाटलं तुला माहीत असेल. तो मी नाहीये. माझे पाय तेवढे रुंद आहेत का?” मी तशीच रिंकवर गेले आणि पायांची रुंदी घेतली, जी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. एकेक पाय तीस सेंटिमीटर. एवढे रुंद पाय कोणाचेच नसतात. गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या पॅडचे असतात. आणि आजच्या नियमात अठ्ठावीसच्या वर पॅड चालत नाहीत. तीसचे तुम्ही गोली होतात त्या काळात चालत.

असो. इकडचं एवढंच. आई आठवण काढते. ती तुमच्यावर रागावलेली नाही, पण हे मी तुम्हाला कळवू नये असं तिने बजावलं आहे. गुडघ्यांची काळजी घ्यावी, पायऱ्या कमी चढाव्यात.

तुमची आज्ञाधारक,
लारिसा

ता. क. तुमचं मत हवं आहे. अदलाबदलीची मुदत दहा तारखेला दुपारी बाराला संपते. कलमाप्रमाणे स्वतःच्या अक्षरातलं, सही केलेलं पत्र चालतं. एक शब्द पुरे, ‘लाल’ किंवा ‘पांढरी’. चकती पाठवायची गरज नाही. ती सापडली. आकृतीच्या डाव्या पंजात काल मी भोक पाडलं आणि पातं रबराला लागलं. चौऱ्याऐंशी नंबर. चकतीची जाडी पंचवीस मिलिमीटर असते आणि गोलसमोरच्या निळ्या रंगाचा थर जमिनीपासून आठ मिलिमीटरवर आहे; तो मी सप्टेंबरमध्ये स्वतः दिला. रंगाच्या वर बर्फ चोवीसच, म्हणजे चकती आत शिरताना रंग फाटायला हवा होता. रंग अखंड होता. चकती सध्या आमच्या फ्रीजरमध्ये मटारांशेजारी आहे. ती गरम पाण्यात तासभर ठेवली तरी कोमट होत नाही.

ता. क. २. गावाला हे माहीत नाही आणि आईलाही नाही: माझी चकती मी पांढऱ्या बादलीत टाकली. बर्फात झोपलेला गारेट आहे असं मी धरून चालले, आणि तो इथून दूर गेला तर उठेल असं मला वाटलं. मी न मापता मत दिलं. ती एक चकती लाल बादलीत असती, तर मुलगा राहिला असता आणि तुम्हाला हे पत्र वाचावं लागलं नसतं. त्याने मला काही विचारलेलं नाही. तो रोज सकाळी माझ्यासाठी कॉफी गाळून ठेवतो. ही चूक आता फक्त तुम्हीच दुरुस्त करू शकता.

ता. क. ३. एक्क्याण्णवच्या कार्यक्रमपत्रिकेत तुमची उंची एकशे एकोणनव्वद छापली आहे, पण तिथे सगळेच चार-पाच सेंटिमीटर वाढवून सांगतात. कृपया अनवाणी, दाराच्या चौकटीला टेकून, कोणाकडून तरी मोजून घ्यावी आणि त्याच पत्रात कळवावी.

ता. क. ४. पाकीट चिकटवायच्या आधी पुन्हा रिंकवर जाऊन आले. तुमची आकृती आज जरा डावीकडे सरकली आहे, कोणाला जागा करून द्यावी तशी. त्या मोकळ्या जागेत अजून फार काही उमटलेलं नाही. एका बुटाचा तळ आहे, एकोणतीस सेंटिमीटर. गारेटचे बूट आमच्या दाराशीच आहेत आणि टेप माझ्या खिशात आहे. मी ते मापलेले नाहीत.