हिची टर्बो गाडी विकल्याची हकिगत

ताईंना माझा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढा वाकून). तुमच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला असेल अशी आशा आहे. भाऊसाहेब कानाचं यंत्र लावायला लागले का? लावत असतील तर त्यांना सांगा, आणि लावत नसतील तर जोरात सांगा, की गाडी विकली. काल दुपारी गेली. तेव्हा दर रविवारी फोन उचलल्याबरोबर तुमचा जो पहिला प्रश्न असायचा, तो आता विचारू नका. माझी तब्येत बरी आहे. काल झोपही चांगली लागली.

तुमचं म्हणणं बरोबरच होतं. ही गेल्यापासून गाडी फाटकाच्या आत कापड पांघरून उभी होती आणि मला चालवता येत नाही. नोकरीभर मी नकाशे काढले, त्यामुळे गाडीतही माझं काम शेजारी बसून वळण सांगायचं, आणि ते वळण मागे पडल्यावर गप्प राहायचं, एवढंच होतं (गाडी टर्बो असल्यामुळे वळणं फार लवकर मागे पडायची). तरी मी रोज सकाळी कापड बाजूला करून माझ्या जागेवर जाऊन बसत असे. तुम्हाला शेजाऱ्यांकडून ते कळलं, आणि तुम्ही म्हणालात, "भावोजी, कुठेच न जाणाऱ्या गाडीत बसून किती दिवस काढणार?" त्या दिवशी मी जाहिरात दिली.

जाहिरात सोपी होती. एकाच हातची, टर्बो, चार दारांची, उत्तम निगा राखलेली. अडचण फोनवर सुरू झाली. पहिल्याच माणसाने विचारलं, विकता कशाला? मी खरं तेच सांगणार होतो, पण तो शब्द तोंडातून बाहेर पडेना. मी म्हणालो, मंडळी बाहेर गेल्यात. हे एकदा बोलून बसल्यावर पुढच्या सगळ्यांना तेच सांगणं आलं, कारण एका गाडीची दोन कारणं सांगणं मला प्रामाणिक वाटेना.

पहिल्यांदा एक कॅशियर आपल्या मेहुण्याला घेऊन आले. मेहुणा गाडीखाली शिरला, पायपुसण्यांचा वास घेतला, सीटच्या फटीत बोट घालून बोट बघितलं. बोट स्वच्छ निघालं तसा त्याचा चेहरा पडला. म्हणाला, इतकी स्वच्छ गाडी म्हणजे नक्की पुरात बुडून निघालेली. मी समजावून सांगितलं, की अंगाला एक फडकं, काचांना दुसरं आणि चाकांना तिसरं असा आमच्याकडे नियम आहे आणि फडकी चुकली तर घरात संध्याकाळपर्यंत अबोला असतो. याने त्यांचा संशय आणखी वाढला. कॅशियरांनी मग टर्बोची चौकशी केली. चढावर ओढते कशी? मी म्हणालो, मागचा ट्रक लहान लहान होत जातो, त्यापुढचं माहीत नाही, मी डोळे मिटून घेतो. शिट्टीसारखा आवाज येतो का? मी म्हणालो, येतो, पण तो इंजिनाचा नाही, ओव्हरटेक करताना ही शिट्टी वाजवते. दोघे एकमेकांकडे बघून फाटकाबाहेर पडले.

त्यांच्यानंतर जुन्या गाड्यांचा एक दलाल आला. दातात काडी. त्याने एका यंत्राने रंगाची जाडी मोजली, डिकी उघडली, स्टेपनी थोपटली आणि सगळं ठाकठीक निघालं तसा हिरमुसला होऊन पायरीवर बसला. म्हणाला, साहेब, काहीतरी खोड सांगा, बिनखोडीची गाडी बघितली की गिऱ्हाईक बिथरतं. मी मनापासून आठवून बघितलं. समोरच्या कप्प्यातला दिवा जरा रेंगाळून विझतो, एवढंच सापडलं. त्याला ते पुरेसं वाटलं नाही. विकण्याचं कारण विचारलं, मी मंडळी बाहेर गेल्याचं सांगितलं. त्याने काडी काढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "सोडून गेल्या?" एका अर्थी ते खरंच होतं, म्हणून मी मान हलवली. मग त्याने माझा हात हातात घेतला आणि त्याची बायको कशी निघून गेली, ते जेवणाची वेळ टळेपर्यंत सांगितलं. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना मला म्हणाला, धीर धरा, माझी आली परत.

मी विकण्याचा नाद सोडणारच होतो. तेवढ्यात काल जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने आपल्या मुलींएवढ्या, गमबूट घातलेल्या, बोलणं खणखणीत. गावोगावच्या गोठ्यांवर जायला पळणारी गाडी हवी म्हणाल्या. त्यांनी इंजिन पाहिलं आणि गाय विकत घेणारा बघतो तशी गाडीच्या पाठीवर थाप मारली. भाव पाडून मागितला. मग म्हणाल्या, काका, पण गाडी जिने सांभाळलीय तिच्याशी बोलल्याशिवाय मी घेत नाही, काकू कधी येतील? मी म्हणालो, बाहेर गेल्यात. त्या म्हणाल्या, मग थांबते, आणि आत येऊन बसल्या.

आता घरात बसलेल्या माणसाला चहा करावा लागतोच. चहा झाला. काकू अजून कशा आल्या नाहीत? मी आणखी एकदा चहा केला. काकू स्वतः तेल बदलायच्या का, काकूंना कोण मेकॅनिक पसंत होता, काकू रागीट आहेत का, असं विचारत राहिल्या आणि मला येत होतं ते मी सांगत राहिलो. तिसऱ्या चहाला दूध उरलं नाही, तेव्हा मीच म्हणालो, तोवर एक फेरी मारून या. त्या म्हणाल्या, तुम्हीही चला, वळणं सांगा.

चांगली चालवतात. चढावर मी डोळे मिटले. परत येऊन फाटकापाशी थांबलो आणि त्यांनी किल्लीला हात घातला, तसा मी ओरडलो, बंद करू नका. टर्बोची गाडी पळून आल्यावर लगेच बंद करायची नसते, जरा निवू द्यायची, हे एवढंच मला गाडीतलं कळतं. ही ते कधी चुकवत नसे. गाडी निवेपर्यंत आम्ही दोघं आत बसून राहायचो, आणि संसारातली बरीचशी बोलणी तेव्हाच झाली. मुलींची लग्नं, तुमचं ऑपरेशन, माझी निवृत्ती, सगळं त्या फाटकापाशी ठरलं. घरात शिरल्यावर आम्ही फारसं बोलत नसू. तर आम्ही बसलो, इंजिन चालू. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं.

"काका, काकू येणार तरी कधी?"

"येणार नाहीत," मी म्हणालो. "ती वारली. थंडी सुरू व्हायच्या आधी."

त्यांनी किल्लीवरचा हात काढून घेतला.

"मग मला इतका वेळ बसवून कशाला घेतलंत?"

"तुम्ही सारखं विचारत होता, काकू कधी येतील. ऐकायला बरं वाटत होतं."

त्या समोरच्या काचेतून बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. ताई, हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. तुमच्यापाशीसुद्धा कधी उच्चारला नव्हता, तुम्ही तिथेच होतात म्हणून निभावलं. बोललो तर काहीतरी कोसळेल अशी माझी समजूत होती. काही कोसळलं नाही. इंजिन चालू होतं, एवढंच.

"आता बंद करू?" त्यांनी विचारलं.

"करा."

उतरल्यावर त्या नाक पुसून म्हणाल्या, काका, वाईट वाटलं म्हणून मी भाव वाढवून देणार नाही हं. हे मला फार आवडलं. हिनेही वाढवून दिला नसता. व्यवहार झाला, त्यांनी गाडी मागे घेतली आणि शिट्टी वगैरे न वाजवता निघून गेल्या. फाटकाच्या आत एकदम मोठी जागा झाली आहे. सकाळी मी तिथे खुर्ची टाकून बसलो. ऊन तिथे येतं हे मला माहीतच नव्हतं. छातीवरचं ओझं उतरलं, हे तुम्हाला कळवावं म्हणून हे पत्र. बाकी क्षेम. दोघांनी प्रकृतीला जपावं.

तुमचा,
धाकटीचा नवरा

ता. क. फडकी मी गाडीबरोबर देऊन टाकली, कुठलं कशाला ते सांगून. फाटकातून बाहेर पडायच्या आतच त्यांनी समोरची काच चाकांच्या फडक्याने पुसली. मी दुसरीकडे बघितलं.

आणखी ता. क. पत्र लिहिण्याचं एक कारण राहिलं. हिने शिंप्याकडे कोट टाकला होता. तो तयार आहे, फक्त एकदा अंगावर घालून बघायचा राहिलाय. शिंप्याचे अधूनमधून फोन येतात आणि त्यालाही मी मंडळी बाहेर गेल्यात असंच सांगत आलो आहे. तो म्हणतो, आल्या की पाठवा, घाई नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही येऊ शकाल का? तुमची अंगलट तिच्यासारखीच आहे. बाह्या लांब वाटतील, तिला तशाच आवडायच्या. बसला तर कोट तुम्हीच ठेवा. मात्र दुकानात शिरल्यावर तुम्ही आधी काही बोलू नका. त्याला मी सांगणार आहे. तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा.