गिझरमागचा डोळा

छत्रपती संभाजीनगर,
११ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन सोडून अंगणवाडीच्या पत्त्यावर पत्र टाकलं म्हणून दचकशील. चार दिवसांखाली आमच्या न्हाणीत गिझरमागं बारीक कॅमेरा सापडला. माझ्या खोलीतली निशा केस धूत होती, तिला दिसला. ताई, आम्ही चौघी दीड वर्षं इथं राहतोय. कोण बघतंय, कधीपासून, काहीच कळंना. घरमालकीण गीताबाई म्हणतात, बोभाटा केला तर नाव तुमचंच जाईल.

मी कपड्यांवरच पाणी घेते. वॉर्डात पेशंटचा नातेवाईक मोबाईल घेऊन उभा दिसला तरी मी तिथनं निघून जाते. काल सलाईन लावता आलं नाय. नर्सिंग सोडून घरी येऊ का? दाजींना विचार, गीताबाईंकडची लाईटची कामं तेच करतात, गिझरही त्यांनीच बसवला होता. नंतर दुसरा कोण मिस्त्री आला असला तर ते त्यांना ठाऊक असंल. आईला कळू देऊ नको.

माया असू दे, आत्ता लई लागते.
तुझी सुकेशनी

देवगाव रंगारी,
१६ ऑगस्ट

चि. सुकेशनीस,
मंगलकामना व जयभीम.

तुझ्या दाजींना विचारलं. ताटातला हात थांबला. पोरी पोलिसात गेल्या का, एवढंच विचारलं. तू कशी आहेस, ते नाय. ते बाहेर गेले तवा मोबाईल उघडला. हिरव्या फरशीची न्हाणी, आणि तू. ओळख पटली तसा पालथा घातला. तेवढं तरी बघितलं, मला माफ कर.

मोबाईल आता अंगणवाडीच्या कपाटात कुलपात आहे. ते सगळं घर उचकतायत. सासूबाई म्हणतात, नवऱ्याला जेलात घालून पोरगी कुणाच्या आधारावर वाढवशील? लेकीला अंघोळ घालताना आता आतून कडी लावते, स्वतःच्या घरात.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं येते. मी उतरले नाय तर तू पोलीस घेऊन इकडं ये.

तुझी अभागी ताई,
रूपाली

छत्रपती संभाजीनगर,
३० ऑगस्ट

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

गंगापूरला आईकडं तुम्ही मायलेकी नीट असाल. तू मोबाईल पोलीस ठाण्यात दिलास तेव्हापासून दाजी आतच आहेत. फौजदार बाई म्हणाल्या, आधी राहून गेलेल्या पोरीही त्यात आहेत. व्हिडिओ बाहेर गेलेत का, ते मात्र त्यांनाही सांगता येईना. गीताबाईंनी खोली रिकामी करायला लावली. निशा मावशीकडं गेली, मी हॉस्टेलात.

तुझे फोन मी उचलत नाय, त्याचं कारण लिहिते. त्या दिवशी स्टँडवर तू लेक कडेवर घेऊन उतरलीस, मला जवळ घ्यायला आलीस आणि मी मागं सरले. हिनं मला त्या मोबाईलात बघितलंय, एवढंच डोक्यात आलं. तू माझ्यासाठी संसार मोडलास आणि मला तुझ्याच डोळ्यांसमोर उभं राहवत नाय. तुझी चूक नाय, माझीही नाय, तरी असंच होतंय.

थोडे दिवस दे, पण मला टाकू नको. तोवर पत्रं पाठव. लिहिताना मला कुणी बघत नाय.

तुझीच,
सुकेशनी