कुलूप घातलेली जीभ

१४ जुलै

नातीचा, सिकितूचा, सहामाहीचा निकाल आला. गणित—नापास. जीवशास्त्र—नापास. इतिहास तर माझा जीव की प्राण, तोही नापास! आणि हीच पोर प्राथमिक शाळेत सात वर्षं पहिली येत होती. अख्ख्या पांगानी गावात हिच्यासारखं पाठांतर कुणाचं नव्हतं.

मोझा, माझी लेक, निकालपत्राकडे बघून एवढंच म्हणाली, "बाबा, टांगा शहरात मावशीकडे पाठवते हिला. शिवण शिकेल. निदान हाताला काही लागेल."

मी म्हटलं, वर्ष तरी पुरं होऊ दे.

"वर्षानं काय होणार? जानेवारीपासून पोरगी घरात तोंड उघडत नाही. मुकी झालीय मुकी!"

खरं आहे ते. पण मी ऐकलं नाही. आमच्या घरातलं कुणी अजून माध्यमिकच्या वर्गात बसलेलं नाही. ही पहिली.

१७ जुलै

आज नदीकाठी सिकितूला बळंच बोलतं केलं. फेरीबोट पलीकडून निघायच्या बेतात होती, गाड्या चढवताना नेहमीचा आरडाओरडा. मग हळूच सांगितलं तिनं.

शाळेच्या फाटकाच्या आत सगळं इंग्रजीत. आपल्या स्वाहिलीत एक शब्द निघाला की गळ्यात लाकडी पाटी. ती उतरवायची तर दुसरं कुणी स्वाहिली बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात घालायची. दिवसाअखेर ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला छड्या. म्हणून पोरं एकमेकांच्या मागावर असतात. मैत्रीण पोट दुखतं म्हणून रडली तरी कान टवकारून ऐकतात—कुठल्या भाषेत रडते!

"मग तू काय करतेस?"

"मी बोलतच नाही आजोबा. म्हणजे कुणी पकडत नाही."

आणि घरी? तर म्हणाली, सवय राहत नाही. घरी बोलले तर शाळेत निसटतं.



१८ जुलै

झोप नाही. आमची शाळा आठवत राहिली. आंब्याखाली वर्ग. म्रिशो गुरुजी सायकलवरून यायचे, पायघोळ विजारीला चिमटा लावलेला. काजूच्या बियांनी अपूर्णांक शिकवले त्यांनी, आमच्याच भाषेत—अर्धी बी, पाव बी, आणि गणित सुटलं की बी खायची! दुपारी कविता. समुद्राची, शिडांची, सुगीची. चाळीस पोरं एका सुरात. पाठ आम्हीही करायचो, पण गुरुजी मध्येच थांबवायचे, "हिझा, या ओळीत नावाडी का रडतो रे?" सांगता आलं नाही तर पुढची ओळ नाही.

तेवढ्यावर माझी आयुष्यभराची कविता झाली. लग्नाकार्याला लोक अजून बोलावतात.

२ ऑगस्ट

मुख्याध्यापक किमवेरी सर स्वतः घरी आले. राजधानीहून शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार आहेत, प्रमुख पाहुणे. पाहुण्यांपुढे शाळेचं निवेदन पद्यात हवं, आणि पद्य म्हणजे मीच.

"आधी स्वागत, मग प्रगती, मग अडचणी—त्या शेवटी, आणि जरा गोड बोलून," सर म्हणाले. "पाण्याची टाकी मागा. विज्ञानाला शिक्षक नाही, तेही येऊ द्या ओझरतं."

मी विचारलं, भाषा?

"स्वाहिलीच! पाहुण्यांपुढच्या निवेदनाला तेवढी सूट असते. म्हणेल तुमची सिकितू. आवाज आहे तिला."

सूट असते! पाहुण्यांना कळावं म्हणून सूट. पोरांना कळावं म्हणून नाही.

९ ऑगस्ट

लिहिलं. स्वागताची कडवी झरझर झाली. अडचणींच्या जागी हे आलं:

तोंडपाठ झाले पान, अर्थ कुठे ते ना कळे,
करवंटी आली हाती, खोबरे कुठे ना मिळे,
आईची बोली फाटकाशी, चपलांसंगे उन्हात जळे—
कुलूप घालून जिभेला, धडा कसा विचारता?

शेवटची ओळ दर कडव्याअंती. हे ऐकून तरी कुणी विचारेल, या पोरांना यांच्या भाषेत का शिकवत नाही? इतकी वर्षं कागद फिरतायत, समित्या बसतायत. कदाचित एक कविता नेमकी जागी लागेल. मग मोझाला म्हणता येईल, बघ, थांबलो ते बरं झालं.

संध्याकाळी कॉफीवाल्याच्या बाकावर माझ्या दोस्ताला, अथुमानीला, ऐकवलं. त्याचं उत्तर: "तुझ्या कवितेनं सरकार हललं ना, तर माझी कोंबडी दूध देईल!" सगळे खो खो हसले. मीही.

११ ऑगस्ट

सरांना भीत भीत कागद दिला. वाटलं, ते कडवं कापतील. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला.

"राहू द्या आजोबा. गद्यात लिहिलं असतंत तर माझी बदली झाली असती. कविता कोण मनावर घेतो?"

आनंद झाला. नंतर घरी येताना तेच वाक्य सलत राहिलं.

२३ ऑगस्ट

काय दिवस होता! मंडप, ढोल, आयाबायांनी गुंडाळलेल्या नव्या रंगीत कांगा. सिकितू उभी राहिली आणि—माझ्या कानांवर विश्वास बसेना—जानेवारीपासून कोंडलेला आवाज बाहेर आला! खणखणीत. मोझा पदराआड रडत होती. दुसऱ्या कडव्याला लोक शेवटची ओळ तिच्याबरोबर म्हणू लागले. तिसऱ्याला पाहुणे उठले, ठेका धरत पुढे आले आणि दाद म्हणून तिच्या केसांत नोट खोवली. "पुन्हा! पुन्हा म्हण, बेटा!" चार वेळा म्हणवून घेतलं. कुलूप घालून जिभेला, धडा कसा विचारता—अख्खा मंडप नाचत होता!

मग भाषण. साहेब म्हणाले, "असं रत्न या शाळेत घडतं, म्हणजे शाळा उत्तम चालली आहे! ही कविता जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेनं पाठ करावी. स्पर्धा ठेवू."

टाळ्या. मीही वाजवल्या. माझी कविता, प्रत्येक शाळेत!

टाकी मंजूर झाली.

२४ ऑगस्ट

अथुमानी: "मग कवी? कोंबडी दोहू का?"

कॉफी अर्धी टाकून उठलो.

१० सप्टेंबर

सिकितू पुन्हा गप्प. जिल्ह्यात कविता गाजतेय म्हणे. मोझानं विषय काढला. मी म्हटलं, थोडं थांब, वरपर्यंत पोहोचतंय. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ताप चढलेल्या माणसाकडे पाहतात.

१९ सप्टेंबर

संध्याकाळी सिकितू पडवीत मागेपुढे डोलत काहीतरी पाठ करत होती. इंग्रजी. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मला कुठली ओळ ओळखू येणार? कागद हातात घेतला. चार-चार ओळींची कडवी. खाली कडेला, बारीक अक्षरात, माझं नाव—हिझा, पांगानी.

स्पर्धा आता राजधानीत, तिथे इंग्रजीतच म्हणायचं, म्हणून कुणीतरी भाषांतर केलेलं दिसतंय. वर्गातल्या साऱ्या पोरांना उद्यापर्यंत पाठ हवं.

"तुझीच कविता आहे ही," मी म्हटलं. "तूच म्हटलीस ना मंडपात!"

तिनं कागद उलटसुलट केला. "ही? ही ती आहे?"

मग खाली बघत सांगितलं. वर्गात तिनं विचारलं होतं, सर, याचा अर्थ काय. स्वाहिलीत विचारलं, तोंडून निघून गेलं. शिवणकामाच्या दोऱ्याएवढी बारीक रेघ होती तिच्या मानेवर, पाटीच्या सुतळीची.

माझ्या कवितेचा अर्थ विचारला म्हणून!

मी तिला स्वाहिलीत म्हणून दाखवली, अगदी हळू, कुणी ऐकेल अशा भीतीनं. माझ्याच पडवीत.

२० सप्टेंबर

मोझा भांडी घासत होती. जाऊन तिच्याजवळ बसलो. म्हटलं, पाठव तिला मावशीकडे.

ती घासायची थांबली. "तुम्ही म्हणताय हे, बाबा?"

मीच.

२२ सप्टेंबर

सकाळच्या बसनं गेली. खिडकीतून शेजारच्या अनोळखी बाईशी बोलत होती—हातवारे करत, मोठ्यानं, न थांबता. मला हात करायची विसरली.